भादव्यातले अकराशे चाळीस रुपये

गेल्या दिवाळीत आम्ही अण्णांचं किराणा दुकान रिकामं केलं. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली होती. दुकान त्याआधीच बंद पडलं होतं, आणि भावाला आता ती जागा भाड्याने द्यायची होती. तराजू, वजनं, तेलाची मापं असं सगळं काढता काढता माळ्यावरच्या एका गोणीत लाल कापडी बांधणीच्या वह्या सापडल्या. उधारीच्या खतावण्या आणि रोजमेळ. भाऊ म्हणाला, रद्दीत टाक. मी गाडीत टाकल्या.

पुण्याला आल्यावर एका रविवारी सहज चाळत बसले, आणि १९९४ सालच्या खतावणीत मावशीचं पान उघडलं. मावशी म्हणजे सख्खी नव्हे; आमच्या आळीच्या मागच्या वस्तीतली. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही, गाव लहान आहे. पानभर अण्णांचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर: तेल २.२५, चहा १, साखर ३, काडेपेटी ०.५०, तेल २.२५. पानाच्या शेवटी एक ओळ: ‘दसऱ्याआधी जमा ११४०. खाते बेबाक.’

ती ओळ वाचून मी वही मिटली. त्या अकराशे चाळीस रुपयांचं पुढे काय झालं ते मला माहीत होतं. ते इतकेच होते, हे मात्र माहीत नव्हतं.

*

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. बाजरी, तूर, थोडा कापूस. दसरा-दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं व्हायचं. माणसं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जायची, ती उन्हाळ्यात परतायची. आजही जातात.

शाळा सुटली की मी गल्ल्याजवळ बसायची. गणितात बरी होते, आणि अण्णांना त्याचा अभिमान होता. आठवीत असताना एकदा मी मोठ्या थाटात त्यांना हिशेब मांडून दाखवला. पंधरा किलोचा तेलाचा डबा पाचशे दहाला, म्हणजे किलोला चौतीस. मावशी रोज पन्नास ग्रॅम सुटं तेल नेते, सव्वादोन रुपयांचं, म्हणजे किलोला पंचेचाळीस. वर्षाकाठी तिला नुसत्या तेलात दोनशे रुपये जास्त पडतात. शेतात बाईला तेव्हा वीस-बावीस रुपये रोज मिळायचा. म्हणजे मावशी वर्षातले नऊ-दहा दिवस फक्त सुटं तेल घेण्याच्या दंडापायी राबत होती.

“मग ती डबा का घेत नाही?” मी विचारलं.

अण्णा पुडी बांधत होते. म्हणाले, “डब्याला पाचशे दहा एकदम लागतात.”

“मग साठवायचे.”

ते काही बोलले नाहीत. दोऱ्याला गाठ मारून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्या गप्प बसण्याचा मी माझ्या सोयीचा अर्थ लावला: बरोबर आहे माझं, ह्या लोकांना हिशेबच कळत नाही.

*

ऊसतोडीचं अर्थशास्त्र ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी मुकादम प्रत्येक कोयत्याला एकरकमी पैसे देतो, ती उचल. मग हंगामभर तोडलेल्या टनांच्या हिशेबातून ती फेडायची. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते, पहाटेपासून रात्री गाडी भरेपर्यंत. एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा धरला जातो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बाळंतपण असो, ताप असो, पाळी असो. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर उरलेली पुढच्या वर्षावर चढते. तेव्हा उचल काही हजारांत असायची, आता ती लाखाच्या घरात गेली आहे.

खाड्याची भीती माणसाला कुठवर नेते, हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राला कळलं. सरकारने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली. ब्याऐंशी हजारांवर बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. ती बातमी पुण्यात वाचताना ऑफिसातले लोक हळहळले. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या आळीतल्या बायका एकेक करून येऊन गेल्या.

आता कॅलेंडर बघा. हंगामाचे उरलेले पैसे घेऊन माणसं चैत्र-वैशाखात गावी येतात. लग्नकार्यं, घराची डागडुजी, जुनी देणी. मृगाला बी-बियाणं. आषाढापर्यंत हातातलं संपतं. श्रावणात खुरपणीची थोडी मजुरी मिळते. भाद्रपदात तीही नाही. बाजरी अजून कणसात असते. म्हणजे भादवा हा आमच्याकडचा रिकामा महिना. त्या महिन्यात अण्णांची खतावणी सगळ्यांत जाड व्हायची. आणि पोळ्यापासून मुकादम उचल वाटत गावोगाव हिंडायचे. ज्या महिन्यात माणसाला पैशाची सगळ्यांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच महिन्यात मुकादम दारात उभा असतो. यात योगायोग काही नाही.

*

१९९४ च्या भाद्रपदात अण्णांनी वसुली काढली. एरवी ते दसऱ्यापर्यंत थांबत. त्या वर्षी जिल्ह्याच्या ठोक व्यापाऱ्याने त्यांची उधारी तोडली होती. मागचं दिल्याशिवाय नवा माल नाही. अण्णा घरोघर जाऊन हात जोडून सांगत होते, “माझं बी अडलंय, बघा काहीतरी.” ते ओरडले नाहीत, कुणाच्या घरातलं भांडं उचललं नाही. मावशी दुकानात आली तेव्हा मी तिथेच होते. ती म्हणाली, “आठ दिस द्या अण्णा.” आठ दिवसांनी तिने पैसे आणून मोजले.

ते आले कुठून, हे दसऱ्यानंतर कळलं. मावशीची थोरली लेक माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर होती. आम्ही नववीत होतो. दरवर्षी मावशी आणि काका तोडीला जात आणि लेकरं आजीपाशी राहत. त्या वर्षी मुकादमाकडून एका कोयत्याऐवजी दीड कोयत्याची उचल घेतली होती. वरचा अर्धा कोयता म्हणजे ती. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा बाकावर मी एकटी होते. उन्हाळ्यात ती परत आली, पण शाळेत आली नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. अर्ध्या कोयत्याचा पूर्ण कोयता झाला.

परवा त्याच वर्षाचा रोजमेळ उघडला. ज्या दिवशी मावशीचे ११४० जमा झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नावेच्या बाजूला एक आकडा आहे: ‘ताईची क्लास फी ८००’. ताई म्हणजे मी.

हे दोन आकडे एकमेकांना जोडायचा मोह होतो, पण हिशेब तेवढा सरळ नाही, हेही खरं. त्या आठवड्यात वीसेक जणांचे पैसे जमा झालेले आहेत, आणि सगळ्यांत मोठी रक्कम ठोक व्यापाऱ्याला गेली आहे. माझी फी कुणाच्या पैशांतून गेली हे कुणालाच सांगता येणार नाही. पैशावर नाव नसतं. पण दोन मुली एका बाकावर बसत होत्या, दोन्ही घरांची एकाच महिन्यात अडचण झाली, आणि एका घरापाशी वसूल करायला काहीतरी होतं; दुसऱ्या घरापाशी फक्त मुलगी होती.

*

एवढं डोळ्यांसमोर घडूनही मला काही कळलं नव्हतं, याचा पुरावा २०१२ चा आहे.

तेव्हा मी पुण्यात एका कंपनीत हिशेबाच्या कामावर होते, आणि सुट्टीत एका संस्थेतर्फे आमच्याच भागातल्या बचत गटांना ‘घरखर्चाचं नियोजन’ शिकवायला गेले. सोबत तक्ते होते. सुट्या तेलाचं माझं आठवीतलं गणित मी रंगीत खडूंनी फळ्यावर मांडलं आणि सांगितलं, सुटं घेऊ नका, महिन्याचं एकदम भरा.

मागच्या रांगेत मावशी बसली होती. केस पिकलेले, पाठ वाकलेली. ती म्हणाली, “बाई, किलोभर साखर घरात आणली की ती दिसती. दिसली की लेकरं मागत्यात, पाव्हणा आला की दुसरा कप होतोय. पुडी असली की पुडीएवढंच संपतंय. आन् उद्या काम लागंल का न्हाई ते ठावं नसताना समदे पैसे तेलात घालून बसू? सांच्याला लेकराला ताप आला तर डॉक्टरला काय तेल देऊ व्हय?”

बायका हसल्या. मीही हसले. पण तक्ता गुंडाळताना मला अण्णांचं ते गप्प बसणं आठवलं. मावशीला हिशेब येत नव्हता असं नाही. ती माझ्यापेक्षा अवघड हिशेब करत होती. तेल महाग घेऊन ती हातात चार पैसे मोकळे ठेवण्याची किंमत मोजत होती. मला ती किंमत दिसत नव्हती, कारण माझ्या हातात कायम चार पैसे मोकळे होते.

*

आपल्याकडे गरिबीची चर्चा बहुतेक वेळा रेषेवरून होते. या रेषेच्या इतिहासात पुण्याचं स्थान मोठं आहे. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटापुरत्या उष्मांकांसाठी खेड्यात माणशी महिना पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, असा १९६०-६१ च्या किमतींवर त्यांनी हिशेब मांडला. पुढे समित्या आल्या. सुरेश तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी खेड्यातली रेषा माणशी महिना ८१६ रुपये आली. पाच माणसांच्या घराला ४०८०. त्यावरून टीव्हीवर बराच गदारोळ झाला. दिवसाला सत्तावीस रुपयांत कोण जगतं, असं लोक विचारत होते.

आकडा कमी आहे हे खरंच. पण वह्या वाचल्यापासून मला दुसरीच गोष्ट खटकते. रेषा सरासरीची असते. मावशीच्या घराचं त्या काळातलं वर्षाचं सगळं उत्पन्न मी एकदा अंदाजाने मांडलं, बाराने भागलं, माणसांनी भागलं. ते रेषेच्या थोडं वर आलं! कागदावर ते घर गरीब नव्हतं. पण कुणीच सरासरी महिन्यात जगत नाही. वैशाखात हातात असतं आणि भादव्यात नसतं, आणि मुलगी शाळेतून निघते ती भादव्यात निघते.

रिकाम्या महिन्याचा परिणाम नुसता पोटावर होत नाही. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना संशोधकांनी तर्काची कोडी घातली. एकदा तोडणीआधी, पैसे संपत आलेले असताना, आणि एकदा तोडणीनंतर, बिल हातात आल्यावर. माणसं तीच, पण तोडणीआधी त्यांची कामगिरी बरीच खालची होती. डोकं पैशाच्या ओढाताणीत गुंतलेलं असलं की बाकी कशाला फारसं उरत नाही. हे शेतकरी होते, तोडणारे मजूर नव्हेत. मजुरांची ओढाताण त्याहून मोठी. ‘हे लोक नीट विचार का करत नाहीत’ असं म्हणताना आपण बरेचदा कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करतो. मी तर फळ्यावर, रंगीत खडूंनी केली होती.

बांगलादेशाच्या उत्तरेला रंगपूर भागात भातकापणीच्या आधीच्या अशाच रिकाम्या काळाला ‘मोंगा’ म्हणतात. तिथे २००८ मध्ये काही कुटुंबांना शहरात जाऊन काम शोधण्यापुरतं बसभाडं दिलं गेलं. माणसं गेली, कमावून आली, घरच्यांनी जास्त खाल्लं. फार गाजला तो प्रयोग. पुढे तो मोठ्या प्रमाणावर राबवला तेव्हा मात्र परिणाम दिसेना, आणि २०१९ मध्ये राबवणाऱ्या संस्थेने तो स्वतःच बंद केला. मला या गोष्टीचे दोन्ही भाग महत्त्वाचे वाटतात. योग्य महिन्यातली छोटी रक्कम मोठं काम करू शकते. आणि कुठलाही उपाय एका गावातून उचलून दुसऱ्या गावात तसाच बसत नाही. रंगपुरात स्थलांतर हा उपाय होता. आमच्याकडे ज्या अटींवर स्थलांतर होतं, तोच आजार आहे.

*

‘मग रोजगार हमीचं काय?’ हा प्रश्न महाराष्ट्रात तरी विचारायलाच हवा, कारण ती आपली गोष्ट आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात तिचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड पटवली, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि २००५ चा देशपातळीवरचा कायदा त्याच वाटेने आला. योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर लावला गेला. आजही माझ्या पगाराच्या स्लिपवर दरमहा दोनशे रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत तीनशे. मी वर्षानुवर्षं त्या ओळीकडे कपाळाला आठ्या घालून बघत आले. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाची हमी घ्यायची, असा तो मुळातला करार आहे, हे मला चाळिशीत कळलं.

आमची आई सांगते, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायची कामं नसती तर निम्मं गाव उरलं नसतं. पण १९९४ च्या भाद्रपदात ही हमी मावशीच्या उपयोगी पडली नाही. पावसाळ्यात कामं बंद होती. आणि असती तरी मजुरी कामाचं मोजमाप झाल्यावर, काही आठवड्यांनी हातात येई. मुकादम आधी देतो. सरकार नंतर देतं, तेही उशिरा. अडलेला माणूस कुणाकडे जाईल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

म्हणून गरिबी कमी करण्याच्या कुठल्याही उपायाला मी आता एकच प्रश्न विचारते: याने भादवा सुसह्य होतो का? काही उपायांना या प्रश्नाचं उत्तर देता येतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला. अण्णांच्या शेवटच्या काही वर्षांच्या खतावण्या बघा. त्यांत उधारीवर ज्वारी-गहू जवळजवळ नाहीच. दुकानदार म्हणून अण्णा कुरकुरायचे, पण ती कुरकुर म्हणजेच कायदा चालल्याची पावती होती. ऊसतोड मजुरांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहं काढायचा निर्णय राज्य सरकारने २०२१ मध्ये घेतला. आई-बाप गेले तरी मुलगी बाकावर राहील, ही त्यामागची कल्पना. कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेऊन मजुरांसाठी महामंडळही उभं केलं. हे सगळं किती पोचलं, यावर गावात दोन मतं ऐकू येतात. पण दिशा बरोबर आहे: आधी मिळणारा, ठरलेल्या वेळी मिळणारा आणि बदल्यात माणूस न मागणारा आधार. बँकेने भाद्रपदात चार-पाच हजार रुपये माफक व्याजाने, कागदपत्रांचा छळ न करता दिले, तर मुकादमाची अर्धी ताकद तिथेच संपेल, असं मला वाटतं.

*

वह्या सापडल्यावर मी गावी गेले तेव्हा तिला भेटले. माझ्या बाकावरची ती. मावशी आता नाही. ती पंचेचाळिशीची, म्हणजे माझ्याच वयाची, पण आम्हाला शेजारी उभं केलं तर कुणी तसं म्हणणार नाही. तिने चहा केला. साखर बरणीतून काढली, पुडीतून नाही, हे माझ्या लक्षात आलं.

बोलता बोलता लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांचा विषय निघाला. जुलै २०२४ पासून ते तिला मिळतात. पुण्यात आमच्या सोसायटीत या योजनेवर काय काय बोललं जातं, ते मी तिला सांगितलं नाही. त्या बोलण्यातला तिजोरीचा मुद्दा मला मान्यही आहे. मी एवढंच विचारलं, “पुरतात का?”

“पंधराशानं काय पुरतंय? कवा कवा उशीरबी होतोय.” ती थांबली. “पन उचल घेतली की मागनं जावं लागतंय. हे घेऊन कुठं जावं लागत न्हाई.”

“यंदा जाणार का तोडीला?”

“जानार की. पोराच्या लग्नाचं फिटायचंय अजून. पोरगी ऱ्हाती हितंच, बारावीला हाय.”

मग मी पिशवीतून ती खतावणी काढली. खरं तर दाखवायची की नाही, हे ठरत नव्हतं. दाखवून मला काय हवं होतं, तेही नीट सांगता येणार नाही. तिने पान समोर धरलं, आईच्या नावावरून बोट फिरवलं, सव्वादोन-सव्वादोनच्या ओळी वाचत खाली आली. शाळा सोडल्यानंतर तिचं वाचन फारसं झालेलं नाही, त्यामुळे वेळ लागला. मी सांगितलं, त्या वर्षी आमच्या अण्णांनी वसुली काढली होती.

“मला वाटायचं, मी थोरली म्हनून नेली आईनं,” ती म्हणाली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिने आकडा मोठ्याने वाचला, आणि माझ्याकडे बघितलं.

“एवढ्यालाच?”

मला काही बोलता आलं नाही. ती उठली, कप उचलले आणि म्हणाली, “वही ठिऊन जा. पोरीला दाखवते.”